पाण्याची चावी कोणाकडे?



या पानावर आपण एरवी बियाणे, खते, कीड आणि गाईम्हशींच्या आजाराविषयी बोलतो. आज जरा आडवाटेला जायचे आहे, कारण खरीपाच्या बैठकीला शहराजवळच्या कोणत्याही गावात गेलो की पिकाची चौकशी संपल्यावर हमखास एक प्रश्न येतो : "साहेब, आमचं गाव महापालिकेत गेलं तर काय होईल?" कोणी घरपट्टीची धास्ती घेतलेला असतो, कोणाला जमिनीला भाव येईल अशी आशा असते. पण गावाचा कारभार कोणाच्या हातात जाईल, हे विचारणारा शंभरात एखादाच निघतो. खरे तर पहिला प्रश्न तोच. पट्टी वाढली तर ती कोणी वाढवली आणि पाणी आले नाही तर ते कोणी अडवले, हे कळायला आधी कारभारी कोण ते कळले पाहिजे.

त्यासाठी लांब जायला नको. सिंहगडाच्या वाटेवरचे धायरी गाव घ्या. एके काळचे शेतीचे गाव, धारेश्वराचे मंदिर, आणि आता त्याच्याभोवती उभे राहिलेले इमारतींचे रान. ऑक्टोबर २०१७ मध्ये शासनाने ११ गावे पुणे महापालिकेत घेतली. त्यांत धायरी होती, आंबेगाव खुर्द व बुद्रुक होते, उंड्री होती, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाची फुरसुंगी व उरुळी देवाची हीही गावे होती. त्याआधी १९९७ मध्येही ३८ गावे महापालिकेत घेण्याचा निर्णय झाला होता. त्यातली काही पुढे वगळली गेली. २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली आणि पुणे महापालिका क्षेत्रफळाने मुंबईपेक्षाही मोठी झाली.

कारखान्याचा चेअरमन आणि महापौर

ग्रामपंचायतीचा कारभार तुम्हाला पाठ आहे. सरपंच दारात भेटतो, नाही भेटला तर पारावर भेटतो. पैसा काढायचा तर सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या सह्या लागतात. सरपंच थेट लोकांनी निवडायचा की पंचांनी, यावर शासनाने २०१७ मध्ये एक नियम केला, २०२० मध्ये तो फिरवला आणि २०२२ मध्ये परत थेट निवडणूक आणली. पण पद्धत कोणतीही असो, गावकऱ्याला बोट दाखवायला माणूस समोर असतो. वर्षातून किमान चार वेळा ग्रामसभा भरते आणि त्या सभेत दोन गुंठ्यांचा धनीसुद्धा उठून विचारू शकतो, "अहो सरपंच, मोटार जळून आठ दिवस झाले, पाण्याचं काय?"

महापालिकेत हे सारे बदलते. तिथला कारभार समजून घ्यायला सहकारी साखर कारखाना डोळ्यांपुढे आणा. सभासद संचालक निवडतात, संचालक आपल्यातून चेअरमन निवडतात, आणि रोजचा कारखाना कार्यकारी संचालक चालवतो. महापालिकेतही तुम्ही नगरसेवक निवडता, नगरसेवक आपल्यातून महापौर निवडतात आणि कारभार आयुक्त चालवतात. महापौराची मुदत अडीच वर्षांची. ते पद कोणत्या प्रवर्गाला जाईल, हे सोडत काढून ठरते.

महापौर हा शहराचा पहिला नागरिक. सभा त्याच्या अध्यक्षतेखाली चालते, मान त्याचा पहिला, आणि मते समसमान पडली तर निर्णायक मतही त्याचेच. पण टेंडर काढणे, कामाचा आदेश देणे, नोकराला हलवणे, जलवाहिनी टाकणे या कशावरही त्याची सही चालत नाही. ती सही आयुक्तांची. आयुक्त शासन नेमते, नगरसेवक नेमत नाहीत. आयुक्त परत बोलवावेत असा ठराव सभेला करता येतो. त्याला एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश मते लागतात. २०१६ मध्ये नवी मुंबईच्या सभेने असा अविश्वास ठराव प्रचंड बहुमताने केला, तरीही शासनाने आयुक्तांना तेव्हा लगेच हलवले नव्हते.

मग नगरसेवकांच्या हातात काहीच नाही का? आहे, आणि पुष्कळ आहे. पैशाची गाठ तिथे आहे. अंदाजपत्रकाचा आराखडा आयुक्त तयार करतात. तो आधी १६ सभासदांच्या स्थायी समितीपुढे जातो आणि मग मुख्य सभेपुढे. मोठ्या रकमेची टेंडरेही स्थायी समितीच्या मंजुरीला येतात. म्हणून महापौरपदासाठी हार-तुऱ्यांची घाई असली, तरी आतून रस्सीखेच चालते ती स्थायी समितीच्या अध्यक्षपदासाठी. गावच्या सोसायटीत ज्याने चार वर्षे काढली, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

अंदाजपत्रकाच्या वेळी एका माणसाने काय करता येते, याचे जुने उदाहरण पुण्याचेच आहे. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणारे महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर नगरपालिकेचा पैसा खर्च करण्याचा बेत झाला, तेव्हा जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे होते. सभा त्यांच्या मताने चालली नाही. पण विरोधाची नोंद राहिली आणि दीडशे वर्षांनी आपण ती सांगतो आहोत. सभेत आपला माणूस असणे याला एवढी किंमत आहे.

अकरा गावे, दोन माणसे

आता धायरीकडे परत येऊ. गाव महापालिकेत गेले त्या दिवशी ग्रामपंचायत संपली. सरपंच गेले, पंच गेले, ग्रामसभा गेली. महापालिकेची निवडणूक त्याच वर्षाच्या आरंभी होऊन गेलेली होती, म्हणजे सभेत या गावांचा एकही माणूस नाही. पुढे २०१९ मध्ये या ११ गावांचा मिळून एक प्रभाग केला आणि त्याला नगरसेवक दिले दोन. एका टोकाला लोहगाव, दुसऱ्या टोकाला धायरी, मध्ये सारे पुणे शहर. पूर्वी याच गावांत मिळून किती पंच होते, याचा हिशेब तुम्हीच करा. ज्या गावात दर आळीला एक पंच होता, तिथे आता अकरा गावांत दोन माणसे. त्यांनी धावायचे तरी किती?

त्यावर कडी पुढे झाली. १४ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांची मुदत संपली. त्या वेळी मुरलीधर मोहोळ महापौर होते, जे पुढे २०२४ मध्ये लोकसभेवर गेले. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात अडकले आणि निवडणूक लांबत गेली. पुण्यातच नव्हे, राज्यातल्या बहुतेक महापालिकांत, जिल्हा परिषदांत आणि पंचायत समित्यांतही असेच झाले. महापालिकेत आयुक्तच प्रशासक झाले. प्रस्ताव मांडणारे तेच, स्थायी समिती म्हणून तो मंजूर करणारे तेच, आणि मुख्य सभा म्हणून शिक्कामोर्तब करणारेही तेच.

अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. १५ जानेवारी २०२६ रोजी पुण्यात १६५ जागांसाठी मतदान झाले. म्हणजे जवळजवळ चार वर्षे शहराला ना महापौर होता, ना नगरसेवक.

मी स्वतः सरकारी नोकरीत आयुष्य काढलेला माणूस आहे. अधिकारी वाईट असतात असे मी म्हणणार नाही. चांगला अधिकारी गावाचे सोने करतो, हे मी पाहिले आहे. पण अधिकारी बदलून जातो, आणि त्याचा जबाब वरच्या कार्यालयाला असतो. तुमच्या मतावर त्याची खुर्ची नसते. निवडून आलेला माणूस आळशी असला तरी पाच वर्षांनी त्याला तुमच्या ओट्यावर यावेच लागते.

धरण उशाला, कोरड घशाला

खुर्च्या रिकाम्या असल्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. त्याने जानेवारी २०२५ आठवावा. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नांदोशी, धायरी या भागांत हातापायांतली शक्ती जाणारा आजार पसरला. डॉक्टर त्याला 'गुलेन बॅरी' किंवा जीबीएस म्हणतात. हा आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाही. पण दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जंतू गेले की नंतर काही जणांच्या शरीराची रोगाशी लढणारी शक्ती उलटते आणि स्वतःच्याच नसांवर घाला घालते. पुणे परिसरात २०० हून अधिक संशयित रुग्ण निघाले, कित्येकांना श्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले आणि काही जण दगावले.

संशयाचे बोट पाण्याकडे गेले. ही गावे खडकवासला धरणाच्या कुशीतली. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणे मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठवतात. त्यावर पुणे शहर पिते आणि दौंड-इंदापूरपर्यंतचे शेत भिजते. पण धरणाच्या अगदी पायथ्याच्या या गावांत नांदेडच्या विहिरीचे पाणी क्लोरीन घालून नळाला सोडले जात होते. शहरातल्या पेठांना मिळते तसे गाळून शुद्ध केलेले पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते. उरलेल्यांची भिस्त टँकरवर आणि बोअरवर. पट्टी महापालिकेची आणि पाणी मात्र जुन्या विहिरीचे! दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, तो असा.

नगरसेवक असते तर आजार आला नसता, असे मी म्हणणार नाही. ते सिद्ध करता येणार नाही. पण एक गोष्ट खरी. पाणी गढूळ येते म्हणून बाईने हंडा घेऊन जायचे कोणाच्या दारात, याचे उत्तर त्या वेळी कोणाजवळ नव्हते. सभा भरत नव्हती, म्हणून सभेत कोणी बाटली घेऊन उभा राहू शकत नव्हता.

अमेरिकेतल्या एका गावाची गोष्ट

बाटलीचे मी उगाच म्हणत नाही. असेच एक प्रकरण अमेरिकेत घडले आहे. मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचे शहर आहे, २०१० मध्ये त्याची वस्ती सुमारे एक लाख होती. मोटारींच्या कारखान्यांवर वाढले आणि कारखाने आटल्यावर कर्जात बुडाले. २०११ मध्ये राज्य सरकारने तिथे आपला व्यवस्थापक बसवला. लोकांनी निवडलेले महापौर आणि नगरमंडळ नावाला राहिले, अधिकार सारे व्यवस्थापकाकडे गेले. पुढे खर्च वाचवायचा म्हणून शहराचे पाणी बदलायचे ठरले. डेट्रॉइटचे शुद्ध पाणी बंद करून फ्लिंट नदीचे पाणी घ्यायचे. २५ एप्रिल २०१४ रोजी समारंभ झाला आणि बटण दाबले महापौरांनी. निर्णय व्यवस्थापकाच्या कारकिर्दीतला, बोट मात्र महापौरांचे.

पाण्याला घाण वास येऊ लागला, रंग पिवळसर झाला. त्या पाण्याने यंत्राचे भाग गंजतात म्हणून ऑक्टोबर २०१४ मध्ये मोटारीच्या कारखान्याने आपली जोडणी बदलून घेतली. लोखंड गंजते ते पाणी लेकरांनी प्यायचे चालूच राहिले. जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरत होते, कारण नळ खाऊ नयेत म्हणून जे औषध पाण्यात घालायचे ते घातलेच नव्हते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला फार घातक. बायामाणसे पिवळ्या पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना येऊ लागली. मार्च २०१५ मध्ये नगरमंडळाने ७ विरुद्ध १ मतांनी ठराव केला की नदीचे पाणी बंद करा. व्यवस्थापकाने तो मानला नाही. पुढे एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या रक्तातले वाढलेले शिसे आकड्यांनिशी दाखवले, तेव्हा ऑक्टोबर २०१५ मध्ये जुने पाणी परत आले. पुढच्याच महिन्यात निवडणूक झाली आणि बटण दाबणारे महापौर पडले.

यातून घ्यायचे काय? ज्याच्या हाती चावी होती, त्याला लोकांच्या मताची भीती नव्हती. आणि ज्याला मताची भीती होती, त्याच्या हाती चावी नव्हती. धायरी आणि फ्लिंट यांच्यामध्ये सात समुद्र आहेत, आजार वेगळा आणि कारणेही वेगळी, पण कारभाराचे हे दुखणे ओळखीचे वाटते.

फुरसुंगीने वेगळी वाट धरली

धायरीबरोबर एकाच दिवशी महापालिकेत गेलेल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांचे पुढे वेगळेच झाले. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे याच गावांच्या हद्दीत पडत आला, त्याची त्यांनी मोठी आंदोलने केली. महापालिकेत गेल्यावर पट्टी वाढली, सोयी आल्या नाहीत, अशी तिथल्या लोकांची तक्रार होती. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये शासनाने ही दोन गावे महापालिकेतून काढून त्यांची स्वतंत्र नगर परिषद केली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिची निवडणूक झाली. नगर परिषदेत नगराध्यक्ष लोक थेट मतदानाने निवडतात. म्हणजे फुरसुंगीच्या माणसाने आपला पहिला नागरिक स्वतः बटण दाबून निवडला, आणि धायरीच्या माणसाचा पहिला नागरिक १६५ नगरसेवकांनी निवडायचा.

कोणाचे बरे झाले, हे सांगायची ही वेळ नाही. लहान घरात माणूस जवळ असतो पण कणगी लहान असते, आणि मोठ्या वाड्यात कणगी मोठी पण मालकाची भेट होत नाही. दहा वर्षांनी दोन्हीकडचे नळ सोडून पाहावेत, मग बोलावे.

तुम्ही काय कराल?

शहराच्या कडेला असलेल्या प्रत्येक गावाने पुढील गोष्टी गाठीला बांधाव्यात.

पहिली गोष्ट, हद्दवाढीची प्राथमिक अधिसूचना निघाली की हरकती व सूचनांना मुदत असते. तेवढ्यात ग्रामसभा बोलवा आणि लेखी ठराव पाठवा. नुसते 'हो' किंवा 'नाही' लिहू नका. पाणी कुठून देणार, कधी देणार, मैलापाणी कुठे जाणार, हे विचारा.

दुसरी, ग्रामपंचायत असतानाच गावाच्या मालमत्तेची यादी करून ठेवा. विहिरी, गायरान, स्मशानभूमी, शाळेची जागा, ओढे, पाणंद रस्ते, सारे गट नंबरासकट. ग्रामपंचायतीचे दप्तर एकदा शहरात गेले की एक कागद शोधायला दहा खेपा पडतात.

तिसरी, घरपट्टी एकदम चढत नाही. पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीच्या दराने आणि पुढे टप्प्याटप्प्याने ती महापालिकेच्या दराला जाते. बिल आले की टप्पा बरोबर लावला आहे का, ते पाहा. आणि विकास आराखडा प्रसिद्ध झाला की आपल्या गटावर आरक्षण पडले आहे का, हे मुदतीतच तपासा. मुदत टळल्यावर रडून उपयोग नाही.

चौथी, महापालिकेत गेल्यावर तक्रार कोणाकडे न्यायची ते ठरवून घ्या. रोजचे पाणी, कचरा, दिवे यांसाठी क्षेत्रीय कार्यालय. अर्ज लेखी द्या आणि तारखेचा शिक्का मारलेली पोच घ्या. नवी जलवाहिनी, पाण्याची टाकी, रस्ता यांसाठी नगरसेवक, आणि तेही अंदाजपत्रकाच्या आधी, दिवाळी झाली की लगेच. मार्च उलटल्यावर गेलात तर वर्ष वाया गेले म्हणून समजा. महापौराकडे जरूर जा. त्याच्या शब्दाला वजन असते आणि सभेत विषय लावून घेता येतो. पण सही त्याची नाही, हे मनात ठेवा.

पाचवी, मतदानाची. पुण्यात एका प्रभागातून बहुतेक ठिकाणी चार नगरसेवक निवडायचे असतात. चौघे असले की काम कोणाचेच नसते, असा धोका आहे. निवडून आल्यावर चौघांनाही एकत्र बोलवा आणि गावच्या पाण्याला जबाबदार कोण, हे त्यांच्या तोंडून ठरवून घ्या. निम्म्या जागा बायकांच्या आहेत. मायभगिनींनो, पाण्याचा हंडा तुमच्या डोक्यावर असतो, तेव्हा प्रश्नही तुम्हीच विचारा. नगरसेविकेच्या वतीने तिचे यजमान उत्तर देऊ लागले, तर त्यांना चहा द्या आणि उत्तर बाईंकडूनच घ्या.

सहावी, ग्रामसभा सोडू नका. कायद्यातली ग्रामसभा गाव शहरात गेल्यावर संपते. तिच्या जागी वस्तीवस्तीच्या क्षेत्रसभांची तरतूद कायद्यात आहे, पण ती कुठे फारशी रुजलेली दिसत नाही. महापालिकेच्या सभेत नागरिकाला गॅलरीत बसून ऐकता येते, बोलता येत नाही. म्हणून २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी देवळात बसायची सवय तशीच चालू ठेवा. कायद्याने तिला अधिकार नसेल, पण शे-दोनशे माणसे एका जागी बसून एकच प्रश्न विचारतात, तेव्हा आयुक्तही उठून येतात. गाव करी ते राव न करी, ही म्हण महापालिकेच्या हद्दीतही खरी आहे.

आणि हे सारे होईपर्यंत पाणी उकळून प्या. विहिरीत ब्लीचिंग पावडर पडते की नाही ते डोळ्यांनी पाहा, आणि पाण्याचा नमुना वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्या. त्यासाठी ना सरपंचाची वाट पाहावी लागते, ना महापौराची.

पुढच्या अंकी आपल्या नेहमीच्या वाटेवर येऊ आणि हुमणीच्या बंदोबस्ताविषयी बोलू.